आईच्या पाठीला जखम झाली. केस केली तर तिथल्या बाकी म्हाताऱ्यांचं काही भलं होतं का?

प्रश्न थोडक्यात असा. अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंची आई, वय ७८, गेल्या जुलैपासून एका सशुल्क वृद्धाश्रमात होती. पक्षाघातानंतर उजवी बाजू लुळी पडलेली, पण डोकं शाबूत. महिन्याला १८,००० रुपये, डायपर आणि औषधांचे पैसे वेगळे. ताई सुरतला, भाऊ पुण्याला. एप्रिलच्या शेवटी ताई न कळवता गेल्या, तेव्हा आईच्या माकडहाडावर तळहाताएवढी जखम दिसली. जखमेला वास येत होता. आई अहिराणीत एवढंच म्हणाली, "माले आठे नही ऱ्हानं." म्हणजे, मला इथे राहायचं नाही. आता त्या जळगावला दवाखान्यात आहेत. संचालक म्हणतात, वय झालं, असं होतंच. भाऊ म्हणतो, केस करून गावात चर्चा कशाला, आईला आता पैसा काय करायचाय. ताईंनी विचारलंय की अशा केसने नुसती भरपाई मिळते, की तिथे अजून जे वीस-पंचवीस जण पडून आहेत त्यांनाही काही संरक्षण मिळतं.

ताई, संरक्षण मिळतं. मात्र ते निकालाच्या दिवशी मिळत नाही, नोटीस पोचल्यापासूनच सुरू होतं. त्या दिवशी संस्थेला बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी लेखी विचारतं की अमुक बाईंना रात्री किती वाजता, कुणी कुशीवर वळवलं. त्याचं उत्तर सहीनिशी द्यावं लागतं. मी जळगाव आणि धुळ्याकडे ग्राहक तक्रारींची कामं करतो. अनुभव असा की, ज्या संस्थेवर एकदा अशी तक्रार झाली तिथे पुढे रजिस्टर नीट भरलं जातं, आणि रजिस्टर भरायचं म्हणून का होईना, रात्री कुणीतरी उठून खोलीत जातं. हे पुरेसं नाही. पण नोटिशीच्या आधी तेवढंही होत नव्हतं.

असं का, ते आधी सांगतो, कारण भावाला हेच पटवून द्यावं लागेल. बाहेरच्या माणसाला वाटतं की एवढी माणसं ठेवून घेतात म्हणजे सरकारचं कुणी तपासायला येतच असेल. चहाची टपरी टाकायची तरी अन्न परवाना लागतो. वृद्धाश्रमाचं तसं नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक पालनपोषण व कल्याण कायदा २००७ सालचा. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम असावा असं आहे. महाराष्ट्राचे नियम २०१० मध्ये आले. या सगळ्याचा रोख निराधारांकडे आणि मुलांकडून मिळायच्या पोटगीकडे. खाजगी, पैसे घेऊन चालणाऱ्या निवासांची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा त्याच्यासोबतच संपलं. सर्वोच्च न्यायालयाने अश्वनीकुमार यांच्या जनहित याचिकेत १३ डिसेंबर २०१८ रोजी केंद्राला सांगितलं की कोणत्या जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत, तिथे काय सोयी आहेत, याची माहिती राज्यांकडून गोळा करा. म्हणजे तोवर ही साधी यादीसुद्धा न्यायालयाला मागून घ्यावी लागत होती. संस्था ट्रस्ट असेल तर धर्मादाय कार्यालयात हिशेब जातात. हिशेबात पाठीवरची जखम दिसत नाही.

म्हणून आपल्याकडे तपासनिसाचं काम तक्रारदाराच्या गळ्यात पडतं. हे बरोबर नाही, पण आज तरी तसंच आहे.

आता "वय झालं, असं होतंच" या वाक्याकडे येऊ. सामनेवाल्यांच्या, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार असते त्यांच्या, प्रत्येक जबाबात ते असतं, आणि ग्राहक आयोगासमोर सगळी लढाई याच वाक्यावर होते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. माणूस एकाच कुशीवर किंवा पाठीवर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबते, तिथला रक्तपुरवठा थांबतो. म्हणून हलता न येणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवायचं, ओलं झालेलं लगेच बदलायचं, माकडहाड, टाचा आणि खुबे रोज उघडून पाहायचे, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात. सुरुवातीला नुसता लालसर डाग असतो, बोट दाबलं तरी तो फिका पडत नाही. मग कातडी सोलते, मग खालची चरबी दिसते, आणि चौथ्या ग्रेडला जखम स्नायूपर्यंत, हाडापर्यंत जाते. तळहाताएवढी वास मारणारी जखम एका रात्रीत होत नाही. तिच्या आधी कितीतरी दिवस कुणीतरी तो लाल डाग पाहिलेला असतो, किंवा पाहायला हवा होता.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अगदी शेवटच्या अवस्थेतल्या, खाणं-पिणं सुटलेल्या माणसाला उत्तम सेवा असूनही कधीकधी अशी जखम होते. समोरचा वकील हेच मांडणार. त्यामुळे "जखम का झाली" या प्रश्नाला मी कधीच फार चिकटत नाही. मी विचारतो: पहिला डाग कोणत्या तारखेला दिसला, कुणी लिहून ठेवला, डॉक्टरला कधी दाखवलं, घरच्यांना कधी कळवलं? तुमच्या आई बोलत होत्या, जेवत होत्या, नुसती एक बाजू लुळी होती. त्यांच्या बाबतीत या चारही प्रश्नांना उत्तर असलंच पाहिजे.

जखम डोळ्यांना दिसते म्हणून तिचीच चर्चा होते. न दिसणाऱ्या गोष्टी जास्त माणसं मारतात. आपल्या खान्देशात सगळ्यात मोठी गोष्ट पाण्याची. भुसावळ-जळगावचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, पारा ४५ च्या वर जातो. त्यात वरच्या मजल्यावर पत्र्याचं शेड, एकच कूलर आणि तोही लाईट गेली की बंद. म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचं नीट कळतही नाही, कुणीतरी आठवणीने पाजावं लागतं. आणि कितीतरी ठिकाणी संध्याकाळनंतर मुद्दाम पाणी कमी देतात, म्हणजे रात्री डायपर बदलावा लागत नाही. मावशींना दोष देऊन उपयोग नाही, रात्री पंचवीस जणांमागे एकच बाई असेल तर ती दुसरं काय करणार. अंगातलं पाणी कमी झालं, लघवीचा संसर्ग झाला की माणूस बडबडायला लागतो, ओळखत नाही. मग घरच्यांना फोन जातो की आजी भ्रमिष्ट झाल्या. त्यानंतर झोपेची गोळी येते. गोळीने खोली शांत होते आणि पाहुण्यांना वाटतं, किती छान व्यवस्था आहे.

कुठे साडीच्या पट्टीने हात पलंगाला बांधलेला असतो, "पडू नये म्हणून." भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ मधला बेकायदा डांबून ठेवण्याचा गुन्हा इथे लागू शकतो. स्मृतिभ्रंशाचा किंवा मानसिक आजाराचा रुग्ण असेल तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही पाहावा लागतो. त्यात साखळदंडाला पूर्ण बंदी आहे, आणि बांधून ठेवण्यावर कडक अटी आहेत.

केस कुठे करायची? माझं मत स्पष्ट आहे, पहिला दरवाजा जिल्हा ग्राहक आयोगाचा, ज्याला लोक अजून ग्राहक मंच म्हणतात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत निष्काळजीपणा आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं, दोन्ही येतात. जखम झाली हा निष्काळजीपणा, आणि तुम्हाला फोनवर "आजी मजेत आहेत" सांगितलं ही दडवणूक. दुसऱ्या भागाकडे बहुतेक वकील दुर्लक्ष करतात. खरं तर तो सिद्ध करायला सोपा असतो, कारण तो व्हॉट्सअॅपवर पडलेला असतो.

फी लागत नाही म्हटलं तरी चालेल. अधिकारक्षेत्र आणि फी तुम्ही मागता त्या भरपाईवर ठरत नाही, तुम्ही सेवेसाठी जेवढे पैसे दिले त्यावर ठरते. तुमचे दहा महिन्यांचे १,८०,००० झाले. पाच लाखांपर्यंत फी शून्य आहे, आणि जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची. ज्याने पैसे भरले तोही ग्राहक आणि जिला सेवा मिळाली तीही ग्राहक, त्यामुळे आई हयात असताना त्या स्वतः तक्रारदार होऊ शकतात, आणि दुर्दैवाने काही झालं तर वारस म्हणून तुम्ही पुढे चालवू शकता. कायद्याने तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते, म्हणजे तुम्ही सुरतलाही करू शकता. पण करू नका. डॉक्टर, मावशी, शेजारच्या पलंगावरच्या आजींची मुलगी, सगळे साक्षीदार इकडचे आहेत, आणि त्यांचं म्हणणं मराठीत वाचणाऱ्यासमोरच मांडलेलं बरं. सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहण्याची परवानगी मागता येते, त्यामुळे दर तारखेला ताप्ती लाईनची गाडी पकडायची गरज नाही.

मुदतीबद्दल सांगतो, कारण संरक्षण नोटिशीपासूनच सुरू होतं हे माझं आधीचं म्हणणं इथेच खरं ठरतं. सामनेवाल्याला लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवून दिलं की या ४५ दिवसांच्या पुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही. निकाल तीन महिन्यांत द्यायचा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात, ते मी लपवत नाही. पण म्हणणं मात्र दीड महिन्यात द्यावंच लागतं, नाहीतर ते वाचलंच जात नाही. म्हणजे उत्तर तयार करताना संचालकांना स्वतःच्या संस्थेची रजिस्टरं उघडावी लागतात. रजिस्टर नसतं, किंवा असतं ते एका बैठकीत भरलेलं असतं. अशा एका प्रकरणात दर दोन तासांनी वळवल्याच्या टिक होत्या, एकाच पेनाच्या, एकाच हाताच्या, आणि बाई दवाखान्यात भरती झाल्यानंतरच्या तीन दिवसांच्याही होत्या. पुढे युक्तिवादाची फारशी गरज पडली नाही.

प्रवेशाच्या वेळी स्टॅम्पपेपरवर तुमची सही घेतली असेल: "काही बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही." या ओळीला घाबरू नका. स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी असं लिहून घेऊन झटकता येत नाही, आणि एकतर्फी अटींना २०१९ च्या कायद्यात अनुचित करार असं वेगळं नावही आहे, फक्त त्या कारणाची स्वतंत्र तक्रार राज्य आयोगाकडे जाते. कागदावर लवादाची अट, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खाजगी पंचाकडे न्यायची अट, असेल तरी अडत नाही. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या २०१८ च्या निकालानंतर लवादाच्या अटीमुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही.

अमेरिकेत हीच अट म्हाताऱ्यांना फार नडली आहे. तिथे केअर होमच्या प्रवेश अर्जातली लवादाची अट सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये किंड्रेड या नर्सिंग होम कंपनीच्या प्रकरणात उचलून धरली, त्यामुळे कितीतरी तक्रारी उघड कोर्टात येतच नाहीत. उलट त्यांच्याकडे आपल्यापेक्षा एक गोष्ट चांगली आहे: १९८७ पासून केंद्राचा कायदा आहे, सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होमला लागू. सोयीसाठी माणसाला बांधून किंवा औषधाने गुंगवून ठेवायचं नाही, प्रत्येकाची लेखी काळजी-योजना हवी, तपासणी होणार. पण कायदा असून भागतं का? इंडियानातल्या गॉर्गी टॅलेव्हस्की यांचं प्रकरण मी भेटणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला सांगतो. स्मृतिभ्रंश होता म्हणून घरच्यांनी त्यांना २०१६ मध्ये सरकारी मालकीच्या निवासात ठेवलं. आत गेले तेव्हा चालत, बोलत, हाताने जेवत होते. काही महिन्यांत स्वतः जेवता येईना. निवासवाले म्हणाले, आजार वाढतोय. घरच्यांनी औषधांची यादी मागितली तर मनावर परिणाम करणारी सहा जोरकस औषधं चालू होती. बाहेरच्या डॉक्टरने ती कमी केली आणि ते पुन्हा हाताने जेवायला लागले. केस त्यांच्या पत्नीने चालवली. ते स्वतः २०२१ मध्ये गेले. निकाल ८ जून २०२३ ला लागला, सात विरुद्ध दोन न्यायमूर्तींनी: सरकारी निवासातल्या माणसाला १९८७ च्या कायद्यातले हे हक्क मागायला स्वतः कोर्टात जाता येतं. सरकारी निवासांची बाजू अशी होती की तपासणी आणि दंड हे सरकारचं काम, रहिवाशाने मध्ये पडू नये. न्यायालयाने ती मानली नाही. त्या एका कुटुंबाने औषधांची यादी मागितली नसती तर "आजार वाढतोय" हेच कायम राहिलं असतं. तुमच्याकडच्या "वय झालं"ची ही इंग्रजी आवृत्ती.

पोलिसांकडे जायचं का, हेही तुम्ही विचाराल. जाता येतं. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर न्याय संहितेचं कलम १०६, गंभीर दुखापत झाली तर १२५. आणि एक कलम आहे जे ठाण्यात कुणाला पटकन आठवत नाही, ३५७: आजाराने किंवा अशक्तपणाने असहाय झालेल्या माणसाची सेवा करण्याचा करार करून ती जाणूनबुजून न करणं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड ५,००० पर्यंत, किंवा दोन्ही, अदखलपात्र. शिक्षा किरकोळ, पण वृद्धाश्रमाच्या कामाचं याहून नेमकं वर्णन फौजदारी कायद्यात दुसरं नाही. डॉक्टरवर गुन्हा नोंदवायचा तर जेकब मॅथ्यू निकालापासून, २००५ पासून, ढोबळ निष्काळजीपणा आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं. संचालक डॉक्टर नसेल तर त्याला त्या निकालाचं संरक्षण कसं मागता येईल, हे मला तरी कळत नाही, पण मागतात. २००७ च्या कायद्याचं कलम २४ सुद्धा लक्षात ठेवा: ज्याच्या ताब्यात ज्येष्ठ माणूस आहे त्याने त्याला कायमचं टाकून देण्याच्या हेतूने कुठे सोडलं तर तो दखलपात्र गुन्हा आहे. रुग्ण अत्यवस्थ झाला की रिक्षात घालून सरकारी दवाखान्याच्या पायरीवर सोडून येणारे आहेत, त्यांच्यासाठी हे कलम आहे. आईला आश्रमात टाकून फोन नंबर बदलणाऱ्या मुलांसाठीही तेच कलम आहे.

मी फौजदारीवर सगळा भर देत नाही. गुन्हा दाखल झाला की संस्था बचावात जाते, मावशी गप्प होतात, कागद पोलिसांकडे अडकतात. शिवाय फौजदारीत शंकेचा फायदा आरोपीला, ग्राहक आयोगात कुणाचं म्हणणं अधिक संभवनीय तेवढं पाहतात. मृत्यू संशयास्पद असेल तर मात्र अंत्यविधीच्या आधीच पोलिसांना कळवून शवविच्छेदन मागा. नंतर काहीच करता येत नाही, आणि आपल्याकडे नातेवाईक घाई करतातच.

आता बाकीच्या वीस-पंचवीस जणांचं. केसचा त्यांना फायदा होतो की नाही, हे बरंचसं तुम्ही काय मागता यावर आहे. नुसती रक्कम मागितलीत तर तुम्हाला रक्कम मिळेल, एवढंच. तक्रारीत त्रुटी दूर करण्याचा आदेशही मागा, आयोगाला तो अधिकार आहे. माणूस अजून तिथेच असेल तर अंतरिम आदेश मागता येतो. एकसारखं हित असलेल्या अनेकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एक तक्रार करता येते. ग्राहक वर्गाच्या हक्कांचा प्रश्न असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार देता येते. आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांना नर्स ठेवून पैसे घेऊन सांभाळत असतील तर तो १९४९ च्या राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याच्या व्याख्येत बसतो का, असं विचारणारा अर्ज त्या भागातल्या नोंदणी प्राधिकरणाकडे (महापालिका असेल तिथे तिच्या आरोग्य विभागात) जरूर टाका. नुसत्या "वृद्धाश्रम" पाटीखाली दवाखान्याचं काम चाललेलं असतं आणि नोंदणी कशाचीच नसते.

सगळ्यात जास्त नुकसान तडजोडीत होतं. तीन-चार तारखा झाल्या की संचालकांचा एखादा नातेवाईक भावाला पुण्यात भेटतो. रक्कम ठरते, कागदावर "यापुढे कुठेही वाच्यता करणार नाही" असं लिहिलं जातं, तक्रार मागे घेतली जाते. पुढच्या महिन्यात त्याच पलंगावर दुसऱ्या कुणाची आई येते. तडजोडीला माझा विरोध नाही, आई थकलेल्या आहेत, तुम्हीही थकाल. पण ती आयोगासमोर नोंदवून घ्या, म्हणजे मोडली तर आदेश मोडल्यासारखी होते आणि ग्राहक कायद्याचं कलम ७२ लागतं: एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५,००० ते एक लाख दंड, किंवा दोन्ही. आणि तिच्यात पैशाशिवायच्या अटी घाला. रात्री इतक्या माणसांमागे इतक्या मावशी, एक प्रशिक्षित सिस्टर, दर महिन्याला वजन आणि त्याचा फोटो घरच्यांना, नातेवाइकाला कोणत्याही वेळी न कळवता येण्याची मुभा, चालू औषधांची यादी भिंतीवर. गुप्ततेची ओळ काढून टाका. रक्कम कमी झाली तरी चालेल, ती ओळ नको.

याची दुसरी बाजू आहे. तक्रारी वाढल्या की काही संस्था अंथरुणाला खिळलेल्यांना घेणंच बंद करतात, चालत्या-फिरत्या आजोबांनाच घेतात. नंदुरबार-शहाद्याकडे आधीच पर्याय मोजके आहेत, तिथल्या कुटुंबाने मग कुठे जायचं? म्हणून मी प्रत्येक तक्रार घेत नाही. पाय घसरून पडणं, एकदा जेवण उशिरा येणं, यांवर केस करू नये. आठवडेच्या आठवडे कुणी पाहिलंच नाही, किंवा पाहून लपवलं, तिथे करावी.

निःशुल्क, देणगीवर चालणाऱ्या आश्रमांची गोष्ट निराळी. सगळ्यांनाच फुकट सेवा असेल तर ग्राहक कायदा लागू होत नाही. काहींकडून पैसे आणि काहींना फुकट असेल तर १९९५ च्या शांता निकालाचं तत्त्व मांडता येतं, तो डॉक्टरांबद्दलचा होता, पण युक्तिवाद बसतो: मग फुकट राहणारेही ग्राहक ठरतात. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण तुमच्या तक्रारीने ज्यांच्यामागे कुणीच नाही अशांनाही दार उघडतं. निव्वळ सेवाभावी ठिकाणी मात्र आधी प्रांतसाहेब आणि समाजकल्याण कार्यालय, १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, आणि त्याने भागलं नाही तर छत्रपती संभाजीनगर खंडपीठात याचिका. महिलेला, उत्पन्न कितीही असलं तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत वकील मिळतो. तुमच्या आईंनाही मिळेल.

भावाच्या "नाव जाईल" या भीतीला मी हसणार नाही. आपल्याकडे आईला आश्रमात ठेवलं हेच अजून चारचौघांत सांगितलं जात नाही, आणि संचालकांना ते नेमकं माहीत असतं. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल: दहा महिन्यांत किती वेळा भेटायला आलात? त्याचं खरं उत्तर द्या, कमी असलं तरी. रेल्वेची तिकिटं, फोनची यादी, पैसे पाठवल्याच्या नोंदी ठेवा. न भेटणं ही मुलांची उणीव असेल, पण न वळवण्याची सबब ती होत नाही, कारण १८,००० रुपये न भेटणाऱ्यांकडूनच घेतलेले असतात.

या आठवड्यात एवढं करा. दवाखान्यातल्या डॉक्टरांना केसपेपरवर भरतीच्या वेळची जखम लिहायला सांगा: जागा, लांबी-रुंदी, ग्रेड, आणि किती दिवसांची असावी याचं मत. फोटो जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून काढा, मूळ मोबाईल विकू किंवा फॉरमॅट करू नका, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र त्यावरूनच द्यावं लागेल. व्हॉट्सअॅपचं संभाषण एक्सपोर्ट करून ठेवा. आईंना जे आठवतं ते त्यांच्याच शब्दांत, अहिराणीत, मोबाईलवर बोलतं करा, मध्ये प्रश्न घालू नका. शेजारच्या पलंगावरच्या आजींच्या मुलीला भेटा, पण तिच्यावर दबाव आणू नका, तिची आई अजून तिथेच आहे.

मग नोटीस. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, जखम कळली त्या एप्रिलपासून धरा, त्यामुळे घाबरून घाई करू नका. पहिल्या नोटिशीत भरपाईचा आकडा टाकू नका, उपचार अजून चालू आहेत. त्यात फक्त कागद मागा: जुलै ते एप्रिलचं रोजचं काळजीचं रजिस्टर, औषधांची नोंद, डॉक्टरांच्या भेटी, रात्रपाळीच्या मावशींची हजेरी. पंधरा दिवस द्या. काय येतं आणि काय येत नाही, ते पाहून पुढची तक्रार लिहू.